पिनमावशीने बांधलेला बुके

पिनमावशी तोंडात टाचण्या धरून बोलायची. एक-दोन नाही, सहा-सात. डोकी ओठांबाहेर, टोकं आत, आणि तोंडाच्या उरलेल्या कोपऱ्यातून नवरीला सूचना चालू: "पोट आत घे. खांदा सोड. रडू नको वो, काजळ उतरते." लहानपणी मी तिच्यासमोर उभी राहिले की माझाच श्वास अडकायचा. आता ही हसली तर? शिंकली तर? ते सगळं मी आधीच मनात पाहून घ्यायचे. आई म्हणायची, "हे पोरगी कशालेबी भेते." त्यात काही खोटं नव्हतं.

मध्य प्रदेशात, बालाघाटला, आमच्या घरापासून दोन घरं सोडून ती राहायची, एकटीच. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, बाहेर 'फॉल-पिको' अशी हाताने रंगवलेली पाटी. पण तिचं खरं काम नवरीला साडी नेसवण्याचं. बुद्धविहारात लग्नाला पांढरी, संध्याकाळी रिसेप्शनला रंगीत. वॉर्डातल्या बहुतेक बायका कधी ना कधी तिच्या हातून नवरी झालेल्या. तिचा नवरा फार लवकर वारला होता. बाहेरच्या एक-दोन घरांनी त्यावरून नाक मुरडलं होतं, "हिचा हात नको" म्हणून तिला दारातून परत पाठवलं होतं. आमच्या वॉर्डाने तसं कधी केलं नाही. ती त्याबद्दल बोलायची नाही, पण लग्नाचं बोलावणं आलं की आधी विचारायची, "नवरीच्या मायले चालते ना?" उत्तर माहीत असूनही विचारायची.

टाचणीबद्दल तिचा एक नियम होता. टोक कधी अंगाकडे वळवायचं नाही. "साडीले भोक पडलं तं चालते, पोरीले नाई." एकदा एका नवरीने घाबरून अंग चोरलं तेव्हा मावशीने टाचणी तिच्याऐवजी स्वतःच्या बोटात घुसू दिली आणि बोट चोखत पदर पूर्ण केला. मी दारात उभी राहून पाहत होते. मला चक्कर आली होती, तिला नाही.

माझं लग्न भंडाऱ्याच्या घरी ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त भीती मला रिसेप्शनची वाटली. स्टेजवर तीन तास उभं राहायचं, अनोळखी माणसांनी येऊन बघायचं, आणि माझे हात कापणार. शाळेत वक्तृत्वाच्या वेळी कापायचे तसे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. होणाऱ्या नणंदेने एक व्हिडिओ पाठवला होता: जुन्या ब्रोचचा बुके. प्रत्येक ब्रोचला तारेचा देठ, सगळे देठ एकत्र बांधून मूठ, मुठीवर साटिनची रिबन. मे महिन्यात खरी फुलं तासाभरात मान टाकतात, म्हणून मला तो आवडला. मी मावशीला फोनवर दाखवला. तिने तो दोनदा पाहिला.

"हे तं माह्यंच काम हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "दोन किलो वजन होईन. हातात वजन असलं का हात कापाले टाइम नाई भेटत."

तिला कसं कळलं, हे मी विचारलं नाही.

ब्रोच तिनेच जमवले. दुपारी ऊन उतरायच्या आधीच स्टीलचा डबा घेऊन निघायची आणि आपण सजवलेल्या बायकांच्या दारात जाऊन उभी राहायची. "तुह्या लग्नातला ब्रोच अशीन तं दे. पोरीच्या हातात ठेवाचा हाय." मागणं असं की नाही म्हणता येत नसे. एका नर्सबाईंनी खडा पडलेला मोर दिला. एका शिक्षिकेने निळ्या चक्राचा दिला आणि परत मागून घेतला, मग दुसऱ्या दिवशी स्वतः आणून दिला. एक पितळेचं कमळ रामपायलीच्या जत्रेतलं होतं. ते देणाऱ्या आजींना आपण ते कधी लावलं हे आठवतच नव्हतं. "तुमी नाई लावलं, मीच लावलं होतं," मावशी म्हणाली, "डाव्या खांद्यावर. तुमी तवा लय रडत होत्या."

आठ दिवस आम्ही दुपारी तिच्या खोलीत बसलो. ती ब्रोचच्या मागच्या काडीतून तार ओवायची, पिळायची, मी देठाला हिरवी टेप गुंडाळायचे. सैल झालं तर ती सगळं उलगडायची आणि म्हणायची, "इंग्लिश शाळेत टेप लावाले नाई शिकवत का वो?" मला हसू यायचं. त्या खोलीत मला लग्नाची भीती वाटायची नाही.

शेवटच्या दुपारी फक्त मुठीची रिबन राहिली होती. रिबन मोत्याच्या डोक्याच्या टाचण्यांनी पक्की करायची. मी बुके दोन्ही हातांनी उभा धरला होता, तिचे दोन्ही हात रिबनमध्ये, टाचण्या नेहमीप्रमाणे ओठांत. मी म्हणाले, "मावशी, हे हातात घेऊन मी नवरी कमी आणि क्रिकेटचा कप जिंकलेली जास्त दिसणार." मी सहसा विनोद करत नाही. ती खळखळून हसली. आणि हसू मध्येच तुटलं.

तिने छातीवर हात ठेवला. खोकली. परत खोकली. डोळ्यांत पाणी आलं. ओठांतल्या टाचण्या तिने तळहातावर काढल्या आणि आम्ही दोघींनी त्या मोजल्या. सात धरल्या होत्या, सहाच निघाल्या.

"पडली असंन," ती म्हणाली.

तिच्या मशीनच्या खणात लोहचुंबक असायचा. तो मी सतरंजीवरून, फरशीवरून, मशीनखालून फिरवला. दोन सुया आणि एक हूक सापडला. मावशी भिंतीला टेकून बसली होती आणि हळूहळू, मोजून श्वास घेत होती.

"मावशी, दवाखान्यात जाऊ."

"काहून? पोटात गेली तं निघून जाईन." मग माझं मनगट धरलं. तिची पकड लोखंडासारखी होती. "कोनाले सांगजो नको. आईलेबी नाई. मले काय म्हनतीन लोकं? आधीच एक कारन हाय त्याईच्याजवळ. आता हे दुसरं. पिन गिळनारी बाई कोन आपल्या नवरीजवळ उभी करीन? माही शपथ हाय तुले."

मी मान हलवली. मान हलवणं मला नेहमीच बोलण्यापेक्षा सोपं गेलं आहे.

पुढचे चार दिवस मी त्या मान हलवण्याला भीत होते. घरात पाहुणे येऊ लागले होते, आई यादी घेऊन फिरत होती, आणि मी दर तासाला काही ना काही निमित्त काढून मावशीकडे जात होते. ती पिको करत असायची. खोकला कोरडा होता, बारीक, अचानक यायचा. मी फोनवर वाचत होते आणि जे वाचत होते ते तिला सांगू शकत नव्हते. टाचणी पोटात गेली तर माणूस असा खोकत नाही, एवढं मला कळलं होतं. चौथ्या दिवशी मी आत शिरले तेव्हा तिने रुमाल घाईने मांडीखाली सरकवला. मला त्यावरचा डाग दिसला. तिलाही माहीत होतं की मला दिसला.

"खोकल्याचं औषध घेऊ या फक्त," मी म्हणाले. "पिनचं नाही बोलणार." त्या क्षणी माझा तोच इरादा होता की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

ती उठून ऑटोत बसली. दवाखान्यात बाकांवर खूप माणसं होती, त्यात आमच्या वॉर्डातल्या दोन बायका. डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडंच होतं, आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "खांसी कब से है?"

"चार-पाच दिन. धूल की है," मावशी म्हणाली. आणि माझ्याकडे एकदा पाहिलं.

डॉक्टर सिरपचं नाव लिहू लागले. माझी जीभ जड झाली होती, शाळेत व्हायची तशी. पेन कागदाच्या खालच्या ओळीपर्यंत आलं.

"पिन है," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की त्यांनी वर पाहिलं नाही. मग मी जवळजवळ ओरडले. "अंदर पिन है! हँसते-हँसते चली गई. खून आ रहा है!"

बाहेरची कुजबुज थांबली. मावशीने डोळे मिटून घेतले.

एक्स-रेमध्ये ती दिसली: उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड, एक बारीक पांढरी रेघ, टोक वर. डॉक्टर म्हणाले, आजच नागपूरला न्या. बाबांनी गाडी केली, मावशीची भाची सोबत गेली. गाडीत बसताना मावशी माझ्याशी एवढंच बोलली, "सांगतलंच ना तू." तिथे घशातून दुर्बीण घालून टाचणी काढली. फुप्फुसाला सूज होती म्हणून तिला ठेवून घेतलं. आणखी दोन-चार दिवसांनी आणलं असतं तर वाचवणं कठीण होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी भाचीला सांगितलं.

माझ्या लग्नाला ती नव्हती. साडी पार्लरवाल्या मुलीने नेसवली. अर्धवट रिबन मी सुई-दोऱ्याने शिवून टाकली. मोत्याच्या टाचण्यांना हात लावायची माझी हिंमत झाली नाही. स्टेजवर माझे हात कापलेच. ब्रोच एकमेकांवर आपटून बारीक वाजत राहिले. आणि समोरच्या रांगेत, जेवणाच्या ताटांवर, तीच गोष्ट फिरत होती. "पिन गिळली म्हने!" "अन् नवरीच्या गळ्यात घुसली असती तं?" बायका हसत होत्या. काहींचे ब्रोच माझ्या हातात होते.

त्या मोसमात तिला एकही बोलावणं आलं नाही. पावसाळा संपता संपता मी माहेरी गेले तेव्हा ती मशीनवर होती. वाळली होती. मी दारातच उभी राहिले.

"बस," ती म्हणाली. बराच वेळ मशीन चालवून मग म्हणाली, "मले तुह्यावर राग हाय. अन् तू बोलली नसती तं मी मेली असती, हेबी मले मालूम हाय. दोन्ही हाय. चहा घे."

मी चहा घेतला. माफी मागायला गेले होते, पण कशाची मागायची ते ठरेना. परत तीच वेळ आली तर मी परत तेच बोलेन, हे तिलाही दिसत होतं.

हिवाळ्यात नणंदेचं लग्न निघालं. भंडाऱ्याच्या घरी बैठकीत दहा-बारा माणसं बसून कोणतं पार्लर ते ठरवत होती. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. "साडी आमच्या मावशी नेसवतील," मी म्हणाले. सगळे माझ्याकडे बघू लागले; सून म्हणून मी त्या घरात तोवर फारसं बोललेच नव्हते.

"त्या टाचणीवाल्या?" सासूबाईंनी विचारलं. त्यांनाही ठाऊक होतं तर.

"हो. त्याच. त्यांच्यासारखी साडी कोणी नेसवत नाही." ट्रेमधले कप खडखडत होते. "त्यांचा नवरा नाही. ते चालणार असेल तरच फोन करते."

सासूबाईंनी नणंदेकडे पाहिलं. नणंद म्हणाली, "मला चालतं." सासूबाई ट्रेमधला कप उचलत म्हणाल्या, "कर."

मी तिथेच, सगळ्यांसमोर, फोन लावला. पलीकडे मशीन चालू होतं. मी सांगितलं. मशीन थांबलं.

"नवरी उंच हाय का बुटकी?" तिने विचारलं.

"उंच."

"मंग निऱ्या मोठ्या घ्या लागतीन," ती म्हणाली. "नवरीच्या मायले फोन दे."