राणेभाऊंनी न खोडलेली ओळ

राणेभाऊ गेल्याचं मला शाळेत कळलं. शिपाई वर्गाच्या दारात चिठ्ठी घेऊन आला, मी मुलांना पाढे लिहायला सांगितले आणि जिन्यात जाऊन बसले. कांदिवलीच्या चाळीत ते माझे शेजारी. पाच आठवडे झाले. सगळे त्यांच्या मालवणी थट्टेबद्दल बोलतात, मला मात्र त्यांचा एकच प्रश्न ऐकू येतो…

समुद्रात बोट बंद पडली की वारा, भरती-ओहोटी आणि प्रवाह बघून ती आता कुठे वाहत गेली असेल, हे काढायचं राणेभाऊंचं तटरक्षक दलातलं काम. शोधायला निघणारं विमान त्यांच्या अंदाजावर जायचं.

चार वर्षांपूर्वी, नारळी पौर्णिमेनंतर, माझा धाकटा भाऊ दामू तीन खलाशी घेऊन मढहून मासेमारीला गेला. दुसऱ्या दिवशी बरोबरची बोट एकटीच परतली. दामूचं इंजिन बंद पडलं होतं, ओढून आणताना दोर तुटला आणि पावसात तो दिसेनासा झाला. मी धावत राणेभाऊंकडे गेले. बोट केवढी, कुठे सुटली, सगळं त्यांनी विचारलं, आणि मग म्हणाले, "हिराताई, नीट आठवून सांग. बोट पाणी धरायची का?"

"का?"

"कोरडी बोट वाऱ्याबरोबर जाते, उत्तरेला, वसईच्या अंगाला. पाण्यानं भरली तर प्रवाह तिला दक्षिणेला नेतो, अलिबागकडे. दोन्हीकडे शोधायला विमान पुरणार नाही गं."

तळाला गळती होती. कापूस ठासून चालवतोय, असं दामूच मला म्हणाला होता. पण मला वाटलं, भरलेली बोट म्हणजे बुडालेलीच समजतील, दोन दिवस बघतील आणि सोडून देतील… मी म्हणाले, "नाही. एकदम टाइट आहे. गेल्याच महिन्यात काम केलंय."

ते तसेच ऑफिसला पळाले. पाच दिवस विमान वसईपासून डहाणूपर्यंत फिरलं. ते घरी यायचे तेव्हा मढहून आलेली माझी आई त्यांच्या दारातच बसलेली असायची. "गावला का?" ते नुसती मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी खरं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तीन दिवस मी वाया घालवले, हे त्या आईसमोर कोणत्या तोंडानं सांगू? मी आत जाऊन चहा ठेवला.

सहाव्या दिवशी अलिबागच्या मच्छीमारांना बोट सापडली. काठोकाठ भरलेली, तरीही तरंगणारी. लाकडी बोट भरली तरी तळाला जात नाही, हे कोळ्याची पोर असून मला कळायला हवं होतं. एकच खलाशी जिवंत होता. "दामू काल दुपारपर्यंत होता," तो म्हणाला. "बोलत होता…"

राणेभाऊ मढला आले. माझ्या बापासमोर हात जोडून म्हणाले, "बाबा, चूक माझी. लाटांनी ती भरेल, हे मी धरायलाच हवं होतं." मी बाजूलाच उभी होते.

परवा त्यांच्या बायकोला, शालिनीवहिनींना, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तेव्हा सांगायचं होतंस गं." आत जाऊन त्यांनी कागदांचा गठ्ठा आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "दर रविवारी हेच मांडत बसायचे. एवढी टाइट बोट भरली कशी, कधी भरली… घेऊन जा तू."

घरी येऊन गठ्ठा सोडला. वारा, भरती, लाटांची उंची, तास… प्रत्येक आकडा खोडून पुन्हा मांडलेला. प्रत्येक कागदावर पहिली ओळ मात्र तीच, एकदाही न खोडलेली: बोट कोरडी. हिराताईंनी खात्रीने सांगितलं.