बाबांचे कान आणि डिकीतला रंग

माझे बाबा तरुणपणी गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, गायचे. आता घरात कुणी ओरडलं तरी त्यांना निम्मंच ऐकू येतं, आणि कानाचं मशीन डब्यात पडून असतं. पण गाडीत मागच्या सीटवर बसले की ढोलकीची थाप त्यांना पाठीतून कळते. डिकीत अँप्लिफायर आणि मोठा स्पीकर मी तेवढ्यासाठीच बसवलाय, बायको काहीही म्हणो. रविवारी मोबाईलवर जुन्या दंडारीचं रेकॉर्डिंग लावायचं, नवेगाव बांधापर्यंत जायचं, आणि बाबांनी गुडघ्यावर ठेका धरायचा.

दसऱ्यानंतरच्या रविवारी ढोलकी जोरात वाजली आणि मागचा स्पीकर गप्प झाला. जरा वेळाने सुरू झाला, पुन्हा थाप पडली की गप्प. समोरचे छोटे स्पीकर बारीक आवाजात गात होते, त्यावर बायको मान डोलवत होती. बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"गाणं चालूच हाय का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणून मान हलवली.

घरी उतरताना ते म्हणाले, "मी नाही येत आता गाडीत. उरलेलेबी कान गेले माहे."

किती समजावलं, पण ऐकणार कसे? पुढचे दिवस ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडतो.

गोंदियातल्या दुकानदाराने अँप्लिफायरचं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "अँप गया भैया, नया डाल लो." माझं डोकंच फिरलं. मीटर काढून स्वतःच बसलो. फ्यूज चांगला. ढोलकी वाजताना बॅटरीवर व्होल्टेज जागचं हलत नव्हतं, अँप्लिफायरवर मात्र प्रत्येक थापेला खाली बसत होतं. लाल वायर पुढून मागे तपासली, तिच्यात काही नाही. मग मीटरची काळी पिन अँप्लिफायरच्या अर्थिंगवरून काढून सीटखालच्या उघड्या लोखंडाला लावली. आकडा स्थिर.

म्हणजे भानगड अर्थिंगच्या काळ्या वायरची. तिला डिकीच्या पत्र्याशी जोडणारा बोल्ट खोलला, तर खाली चकचकीत काळा रंग. दसऱ्याला आमच्याकडे गाडी नुसती धुऊन हार घालून भागत नाही. नांगराला, ट्रॉलीला, गाडीला, जिथे गंज दिसेल तिथे बाबा पूजेआधी ब्रश फिरवतात. यंदा डिकी त्यांनी इतक्या मनापासून रंगवली की बोल्ट काढून त्याच्याखालीही रंग दिला आणि वायर परत घट्ट बसवली. रंगातून करंट जातोय कशाला! हळू गाण्याला कसाबसा पुरायचा, थापेला नाही.

पॉलिश पेपरने लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, बोल्ट आवळला आणि बाबांना जवळजवळ ओढतच गाडीत बसवलं. ते सीटच्या कडेला, उतरायच्या तयारीत. मी गाणं लावलं.

ढोलकी आली. बाबांची पाठ सीटला टेकली. हात गुडघ्यावर गेला आणि ठेका बरोबर पडला. माझे डोळे भरून आले, ते मी मीटर गुंडाळण्याच्या निमित्ताने लपवले.

मग त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "कान नाही गेले बाबा! तुम्ही बोल्टाखाली रंग मारला होता!"

"जंग लागला होता तं रंग नाही मारू तं का करू?" ते म्हणाले. ठेका चालूच होता. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून तक्रारीच्या सुरात म्हणाले, "आवाज कमी कर ना थोडा. कान फुटतीन माहे."