रशीदभाईंचा सारस

अंबडला बाजाराच्या रस्त्यावर रशीदभाईंचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी ते भरून देतात, शेतात पाइपलाइनही टाकून देतात. रविवारी बंद असं पाटीवर कुठंही लिहिलेलं नाही, तरी दिवाळीच्या आगेमागे रविवारी मोटार जळाली, तर शेतकऱ्यानं कपाळाला हात लावून बसावं. रशीदभाई तेव्हा तलावावर असतात. गळ्यात जुनाट दुर्बीण. तिच्या एका भिंगातून दिसतं, दुसऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो.

मी निवृत्त मास्तर. पाखरांमध्ये मला कावळा आणि चिमणी कळते. मी जातो तो जुबेदाभाभींनी डब्यात दिलेल्या खिचडी-खट्ट्यासाठी.

गेली अकरा वर्षं रशीदभाई पाहिलेले पक्षी जालन्याच्या पक्षीमित्रांना कळवतात. ग्रुपची वही सत्यशीला मॅडमकडं असते, त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. रशीदभाईंकडं कॅमेरा नाही. त्यामुळं त्यांच्या नोंदींना पुरावा एकच, त्यांची जबान. यंदा राधेश्याम नावाचे बँकेतले साहेब तोफेएवढी लेन्स घेऊन ग्रुपात आले आणि त्यांनी टुमणं लावलं, फोटो नाही तर नोंद नाही, आधीच्याही खोडा. म्हणजे रशीदभाईंची अकरा वर्षं खोडा. मॅडम म्हणाल्या, एक रविवार सगळे मिळून जाऊ, मग ठरवू.

तो रविवार नोव्हेंबरातला. वडीगोद्रीकडच्या एका तलावाच्या भिंतीवर आम्ही चौघं सकाळी सातला उभे. रशीदभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जणू चक्रवाकच त्यांची मुलाखत घेणार होते. साहेब खटाखट फोटो काढत होते. रशीदभाई ओठ हलवत पाण्यावरची पाखरं मोजत होते. मोटार भरताना तारेचे वेढे मोजायची सवय, मध्ये कुणी बोललेलं चालत नाही. मी विचारलं, "किती झाले?"

"सर, आता पुन्हा एकपासून," ते म्हणाले आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी जाऊन डब्याशेजारी बसलो.

दहाच्या सुमाराला, ऊन चढल्यावर, त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "सर! सारस!"

तलावापलीकडच्या कपाशीत करडं अंग आणि लाल मान. वहीत आजवर सारस एकदाही आलेला नव्हता. मॅडमनी दुर्बीण लावली. "मान हलतेय!" साहेबांनी पंधरा-वीस फोटो ओढले. उन्हाच्या झळांनी सगळं थरथरत होतं, पण करडं ते करडं आणि लाल ते लाल. "आता पुरावाच झाला," म्हणत त्यांनी रशीदभाईंची पाठ थोपटली. मॅडमनी नोंद केली. मला फार आनंद झाला. डबा उघडायला हरकत नाही असंही वाटलं.

रशीदभाई मात्र चुळबुळ करत होते. "सर, अर्धा घंटा झाला, एकदापण जागा सोडली न्हाई त्यानं. जरा जवळून पाहून येतो."

"मिळालंय ते घ्या हो," म्हटलं, पण ते निघाले होते. मीही गुडघे सांभाळत मागं.

बांधावर पोचलो आणि रशीदभाईंनी कपाळावर हात मारला. सारस म्हणजे पाइप होता. पाइपलाइनमधली हवा निघायला उभा केलेला पाच फुटी करडा पाइप, जोडाला ऊन लागू नये म्हणून गुंडाळलेलं खताचं पोतं, आणि ट्रॅक्टर धडकू नये म्हणून वर बांधलेली लाल चिंधी, वाऱ्यावर डुलणारी.

"एप्रिलात मीच बसवल्ता," ते म्हणाले. "चिंधीपण माझीच. जुबेदाच्या जुन्या ओढणीची."

मी पोट धरून हसलो. तीस वर्षांच्या संसारात बायकोची ओढणी ओळखता येत नाही, आणि हा गडी म्हणे अर्ध्या मैलावरून चंडोल ओळखतो!

"सर, त्यांनी वहीत लिहून टाकलं ना," रशीदभाई म्हणाले, आणि माझं हसू विरलं.

मी आवाज खाली आणला. "तिकडं कुणाला कळणार आहे? उडून गेला म्हणा. फोटो आहे, साहेब खूश आहेत, तुमची अकरा वर्षं वाचली. हात दाखवून अवलक्षण कशाला?" त्यांनी ऐकावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

त्यांनी चिंधीची सैल गाठ आवळली. "मंग बाकीचं सगळंपण पाइपच की, सर."

भिंतीवर येऊन त्यांनी सगळं सांगितलं, ओढणीसकट. साहेबांनी फोटो मोठा करकरून पाहिला. आता त्यांना पोत्यावरची अक्षरंसुद्धा दिसत होती. मॅडमनी सारसावर रेघ मारली. "माझं आधीचंपण खोडा पाहिजे तर," रशीदभाई खाली मान घालून म्हणाले. मॅडमनी वही मिटून पिशवीत टाकली. मला त्यांचा राग आला.

आम्ही गाडीकडं निघालो. एवढ्यात शेजारच्या ज्वारीवरून कसलंसं पाखरू सरकत गेलं. मी वळेपर्यंत दिसेनासं झालं, साहेबांचं तर लेन्सचं टोपणही निघालं नव्हतं.

"पांढुरका भोवत्या. नर," रशीदभाई सवयीनं बोलून गेले आणि लगेच ओशाळले. "फोटो न्हाई, मॅडम. जाऊ द्या."

मॅडमनी गाडीच्या टपावर वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "किती वाजले?"

राधेश्यामसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "अकरा वीस," ते म्हणाले. "लिहा."