तळ्याअलीकडची हद्द

"दूध आणायला पायी जाता येतं काय?"

नव्या वसाहतीचा नकाशा समोर आला की चष्मा कपाळावर सरकवून अक्का हेच विचारायच्या. एका बिल्डरने पोहण्याचा तलाव, क्लब, सगळं हौसेने दाखवलं. अक्का म्हणाल्या, "छान आहे. पण कढीपत्ता संपला तर गाडी काढायची, अल्वा?" 'हो ना' म्हणायला त्यांचा हा कानडी शब्द ठरलेला.

म्हैसूरच्या नगररचना कार्यालयात त्या माझ्या वरिष्ठ. दोघेही इथल्या जुन्या मराठी घरांतले, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत आमची कानडीत बुडालेली मराठी चालायची. शहराने पसरत सुटू नये, मंडी मोहल्ल्यासारखं खाली दुकान, वर घर असावं. सरगूरसारख्या गावाला स्वतःचं कॉलेज, इस्पितळ मिळावं, म्हणजे तिथल्या माणसांना इकडे धावावं लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

नव्या आराखड्यात त्यांनी शहराची हद्द तळ्याच्या अलीकडेच थांबवली. पलीकडे त्यांच्या थोरल्या भावाचं, अण्णाचं शेत होतं. हद्दीत आलं असतं तर त्याचे प्लॉट पडले असते.

हरकतींच्या सुनावणीला सभागृह भरलं होतं. अशी सुनावणी तुम्ही पाहिली असेल तर तिथली हवा तुम्हाला ठाऊक असेल. जमीनमालक एकेक उठून कानडीत तावातावाने बोलत होते. अक्कांचा भाऊ मात्र मराठीत बोलला, तेही हळू.

"याच शेतावर आईनं तुला शिकवलं. विसरलीस?"

ते आम्हा तिघांनाच कळलं. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "काय म्हणतायत ते?"

मला वाटलं, अक्का टाळतील. त्यांनी माईक जवळ ओढला आणि भावाचं बोलणं जसंच्या तसं कानडीत सांगितलं. मग म्हणाल्या, "हे माझे सख्खे भाऊ. यांच्या हरकतीचा निर्णय मी देणार नाही, तुम्ही द्या. माझं मत तेवढं लिहून घ्या. तळ्यापलीकडे शहर नको."

आवाज स्थिर होता. टेबलाखाली पदराचं टोक मुठीत आवळलेलं मला दिसत होतं.

समितीने हद्द हलवली नाही. भाऊ अक्कांकडे न बघता निघून गेला.

पुढे गौरीचा सण आला. आमच्याकडे त्या दिवशी भाऊ सुपात बांगड्या, हळदकुंकू, नारळ घालून बहिणीला बागिन द्यायला येतो. मी संध्याकाळी एका सहीसाठी अक्कांच्या घरी गेलो. दार सताड उघडं होतं. नवी साडी नेसून त्या पुढच्या खोलीत बसल्या होत्या. समोर पाट मांडलेला.

"सुम्ने, उगाच उभा का? बस की," म्हणत त्यांनी सही केली.

"जेवलात, अक्का?"

"अण्णा येऊ दे," त्या म्हणाल्या.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते.