जज्जसाहेबांच्या घरचा ओटा

आमचे भावोजी आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, हे मी त्यांची मेव्हणी असूनही सांगते. ते फक्त गिऱ्हाईक बघून निम्मं खरं बोलायचे. उरलेलं निम्मं पुढच्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवायचे. वाया काही घालवायचे नाहीत.

त्यांचं दुकान ओट्यांच्या दगडाचं. पुढे काचेच्या दारामागे हाताएवढे नमुने मांडलेले, मागच्या मोकळ्या जागेत लाकडी चौकटींना टेकून मोठ्या लाद्या उभ्या, आणि त्याच्याही मागे पाण्याच्या धारेखाली दिवसभर किंचाळणारं कटर. दुकानात शिरणारी जोडपी बहुतेक भांडतच शिरायची. एकाला क्वार्ट्झ हवा, दुसऱ्याला खरा दगड. भावोजी दोघांना खुर्च्यांवर बसवायचे, चहा मागवायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "गॅसवरून गरम भांडं उतरवलं, की तुम्ही ते कुठं ठेवता?"

या प्रश्नाला जगात दोनच उत्तरं आहेत, असं त्यांचं ठाम मत होतं. "जाळीवर" किंवा "घडी घातलेल्या फडक्यावर" म्हणणारी माणसं क्वार्ट्झची. "कुठं म्हणजे काय, ओट्यावर!" म्हणणारी ग्रॅनाइटची. चहा निवायच्या आत निकाल लागायचा, म्हणून अख्खा बाजार त्यांना जज्जसाहेब म्हणायचा.

निकाल लागला की पुढचं भाषण तयारच असे. क्वार्ट्झवाल्यांना सांगायचे, "दगड शेवटी दगड. त्याला बारीक बारीक छिद्रं असतात. तेल सांडलं की पिऊन बसतो. ती छिद्रं बुजवायला अधूनमधून सीलर मारावं लागतं, आणि ते मारतंय कोण? शिवाय नमुना बघितलात तशीच लादी निघेल, अशी हमी काही डोंगर देत नाही." ग्रॅनाइटवाल्यांना सांगायचे, "क्वार्ट्झ म्हणजे काय, तर दगडाचा चुरा आणि त्याला धरून ठेवणारी राळ. राळ म्हणजे प्लास्टिकची सख्खी बहीण. तापलेली कढई टेकवलीत की पिवळा डाग, आणि तो डाग तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगणार." दोन्ही शंभर टक्के खरं. दोन्ही गिऱ्हाइकं समाधानाने परत जायची.

माझ्या घरी क्वार्ट्झ आहे. मला विचारलं तेव्हा मी "जाळीवर" म्हणाले होते, आणि मी जाळीवरच ठेवते. माझा नवरा कुठं ठेवतो, हे कुणी विचारलंच नव्हतं. गृहप्रवेशानंतर थोड्याच दिवसांत ओट्याच्या मधोमध चंद्रासारखं पिवळं वर्तुळ उमटलं. तेव्हापासून त्यावर फळांची टोपली असते. भावोजी आमच्याकडे आले की पाणी पिण्याआधी ती टोपली उचलून बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, "प्रश्न तुला विचारला होता." माणसाला काय बोलावं सांगा.

आता ताईचा ओटा. माझी सख्खी थोरली बहीण ती, जज्जसाहेबांची बायको. म्हणजे तिच्या घरी कसा आरशासारखा ओटा असेल, असं कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. ते घर घेतलं तेव्हा तिथे नुसता सिमेंटचा कट्टा होता. भावोजी म्हणाले, "घरचा ओटा आयुष्यात एकदाच होतो. घाई नको. तोपर्यंत तात्पुरतं काहीतरी टाकू." तेव्हा रांगणारी माझी भाची परगावी नोकरीला लागली, तात्पुरतं मात्र जागचं हललं नव्हतं.

दुकानातले उरलेसुरले तुकडे आणून त्यांनी तो कट्टा झाकला होता. गॅसच्या डावीकडे पांढरा क्वार्ट्झ, उजवीकडे संगमरवर, सिंकपाशी काळा ग्रॅनाइट. तिघांच्या जाड्या तीन, त्यामुळे सांध्यासांध्याला पायऱ्या. त्या फटींत पीठ बसायचं आणि ताई ते टूथब्रशने काढत राहायची. वर प्रत्येक तुकड्याचा कायदा वेगळा. क्वार्ट्झवर गरम ठेवायचं नाही, कारण तो बिघडला तर नमुना म्हणून कुणाला दाखवता येणार नाही. संगमरवरावर लिंबू कापायचं नाही, टोमॅटो कापायचा नाही, व्हिनेगरची बाटलीसुद्धा टेकवायची नाही, कारण आंबटाने त्याची चमक जाते. ग्रॅनाइट बिचारा सगळं सोसतो, पण त्यावर भावोजींचे प्रयोग चालू. तेलाचा एक थेंब, कॉफीचा एक, शाईचा एक, प्रत्येकावर उलटा ग्लास. कुठला दगड किती पितो, ते बघायचं होतं त्यांना. त्या ग्लासांना हात लावायचा नाही.

मी म्हणायचे, "ताई, तू स्वयंपाक करतेस की प्रयोगशाळेत नोकरी करतेस?" ताई हसायची. "माझं चाललंय गं. मला आता चटकासुद्धा बसत नाही," असं म्हणून ती बोटांची टोकं पुढे करायची. कडक, गुळगुळीत झालेली बोटं. आम्ही दोघी त्यावर हसायचो. कशाला हसायचो, देव जाणे.

भावोजींना पैशांची अडचण नव्हती, की बायकोविषयी आकस नव्हता. त्यांचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. दुकानात समोरच्याला निम्मंच ठाऊक असायचं, म्हणून निकाल देता यायचा. घरी त्यांना स्वतःला सगळं ठाऊक. क्वार्ट्झ म्हटलं की राळ आठवायची, ग्रॅनाइट म्हटलं की छिद्रं. गावभरच्या स्वयंपाकघरांचा फैसला करणारा माणूस स्वतःच्या बायकोसाठी तारखांवर तारखा देत बसला.

एके दिवशी दुपारी ताई माझ्या दारात उभी. हातात बॅग.

झालं होतं ते एवढंच. भांडं उतरवताना तिचं कोपर लागलं आणि कॉफीवरचा ग्लास आडवा झाला. भावोजी जेवत होते. ते म्हणाले, "अगं, बघून! एवढ्या दिवसांचं काम गेलं माझं." ताईने गॅस बंद केला, भांडं सिंकमध्ये ठेवलं, बॅग भरली आणि बसमध्ये बसली. ओटा झाल्याशिवाय त्या घरात पाऊल टाकणार नाही, असं मला शांतपणे सांगून ती माझ्या माठातलं पाणी प्यायली. मी घाबरले. आदळआपट करणारी बाई दोन दिवसांत परत जाते. ताईचा आवाजसुद्धा चढला नव्हता. ही आता जात नाही, हे मला तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवशी भावोजी आले. बायकोची समजूत काढायला आलेला नवरा काय आणतो? यांनी नमुन्यांची पेटी आणली होती. माझ्या टेबलावर तुकडे मांडत म्हणाले, "दोन नवे रंग आलेत. तिला एकदा बघू दे." ताई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "भावोजी, तुम्ही माणूस आहात की कॅटलॉग?"

ते एक तुकडा हातात फिरवत बसले. मग हळूच म्हणाले, "घाईत केलं आणि चुकलं तर? लोकांचा ओटा बसवून मी निघून येतो. हिला तो रोज बघावा लागणार. आणि मला हिचं तोंड." पांढऱ्या धुळीने माखलेल्या भुवयांखाली डोळे अगदी खरे होते. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. टोपलीखालचा डाग न बघताच ते निघून गेले. असं पहिल्यांदाच झालं.

सकाळी ताई चांगली साडी नेसून, पर्स घेऊन तयार. म्हणाली, "चल, ओटा घ्यायचाय."

दुकानात आणखी एक जोडपं रंग बघत उभं होतं. ताई सरळ जाऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. भावोजी लगबगीने उठले. "अगं, तू इथे..."

"गिऱ्हाइकाला अगं म्हणता का तुम्ही?" ताई म्हणाली. "मला ओटा करायचाय. क्वार्ट्झ घेऊ की दगड, सांगा. लोक म्हणतात, तुम्ही लगेच सांगता."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. जोडप्याने रंग बघणं सोडलं होतं. चार लोकांत शोभा नको म्हणून असेल, भावोजी खुर्चीत बसले. चहा मागवला. घसा खाकरला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बायकोला अहोजाहो करत सवयीचा प्रश्न विचारला, "बरं बाई, गॅसवरून गरम भांडं उतरवलं, की तुम्ही ते कुठं ठेवता?"

"हातात," ताई म्हणाली.

भावोजी थोडं हसले. गिऱ्हाईक गंमत करतंय असं त्यांना वाटलं. "तसं नाही, म्हणजे उतरवल्यावर..."

"उतरवल्यावर हातातच. डावीकडे ठेवलं तर पिवळं पडेल. उजवीकडे ठेवावं, तर भांड्यात लिंबाचा रस असतो, तुमच्या संगमरवराची चमक जाईल. सिंकपाशी ग्लास आहेत. मग फडक्याने धरून उभी राहते. तुम्ही जेवायला बसलात की थेट टेबलावरच्या जाळीवर आणून ठेवते. फोन आला, तुम्हाला उशीर झाला, तर तेवढा वेळ उभी."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून तिने सांगितलं. या उत्तराला भावोजींकडे भाषणच नव्हतं. ते ताईच्या हातांकडे बघत राहिले. जन्मभर दगडावरचा केसाएवढा चरा तीन हातांवरून ओळखणारा हा माणूस, बायकोच्या बोटांकडे आजच बघत होता.

चहा आला तेव्हा भावोजी दुकानात नव्हते. मागे लाद्यांपाशी होते.

इतरांच्या घरी माप घ्यायला ते कारागिराला धाडायचे. स्वतःच्या घरचा पुठ्ठ्याचा साचा त्यांनी स्वतः कापला. काळा ग्रॅनाइट, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग, मध्ये एक सांधा नाही. पॉलिश केला, सीलर मारलं, ग्लास आणि शाईच्या बाटल्या खोक्यात भरून दुकानात नेल्या. ओटा पक्का बसला तसं मी ताईला घेऊन गेले. ताईने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. "एकही पायरी नाही," एवढंच म्हणाली.

मग तिने स्वयंपाक केला. भावोजी दारात उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभं राहतात तसे. ताईने गॅस बंद केला. फडक्याने भांडं धरलं, उतरवलं आणि सवयीने ते हातात घेऊन तशीच उभी राहिली.

समोर अख्खा ओटा रिकामा. भांड्यातून वाफ येत होती.

"अगं, ठेव ना," भावोजी म्हणाले.

ताईने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, सिंककडे बघितलं. मग भांडं तसंच धरून त्यांना विचारलं, "कुठं?"