भाऊंच्या रेडिएटरमधली हळद

पगारेभाऊ चहाचा कपसुद्धा आधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघत. उलटा पंजा कपाला लावायचा, क्षणभर थांबायचं, मगच उचलायचा. ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं, कप नीट विसळलेला नाही असं यांना सुचवायचं आहे. मी मनातून चांगलीच रागावले. पण जाताजाता त्यांनी उन्हात तापलेल्या आमच्या फाटकाला आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीच्या बॉनेटलाही तसाच उलटा पंजा लावला, तेव्हा ही या माणसाची खोडच आहे हे कळलं. "तळहात भाजला तर घास उचलता येत नाही, बाई," ते म्हणाले. "मागची बाजू भाजली तर जेवण तरी चालू राहतं."

मी शाळेत शिकवत असल्यामुळे अख्ख्या गल्लीची 'बाई' होते. नवीन लग्न होऊन गंगापूर रोडला राहायला आले होते. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं आणि आमच्या गल्लीच्या पलीकडे पेरूच्या बागा सुरू होत. भाऊ शेजारच्या घरात राहत. ओझरच्या विमान कारखान्यात स्टोअरला होते, सकाळी कारखान्याच्या बसने जात आणि संध्याकाळी त्याच बसने परत येत. गाडी होती ती रविवारची. जुनी, राखाडी रंगाची अँबॅसडर. गल्लीतली तेवढी एकच, त्यामुळे आजारी माणूस, पाहुणे, दळणाचे डबे, कुणाचंही काही असो, सगळे भाऊंकडे येत. भाऊ कुणाला नाही म्हणत नसत, पण गाडी इतकी सावकाश चालवत की सायकलवाले मागे वळून बघत पुढे जात. कुणी कुरकुरलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "घाई असेल त्याने पायी जावं."

मला जात्याच दम नाही. त्यामुळे आमचे खटके उडत. पण दर वर्षी उन्हाळा लागण्याआधीच्या एका रविवारी मी माझी सगळी कामं टाकून कुंपणापाशी जाऊन उभी राहत असे, कारण त्या दिवशी भाऊ गाडीचा रेडिएटर धूत. तो एक सोहळाच होता. गाडी रात्रभर उभी राहून गार झालेली असायची, तरीही उलटा पंजा लागायचाच. चाकांना विटा लावल्या जायच्या. रेडिएटरच्या खाली मोठी लोखंडी परात यायची. मग झाकणावर ओलं पोतं टाकून, तोंड बाजूला करून ते झाकण फिरवायचे. "इंजिन गरम असताना हे झाकण उघडणारा माणूस मी एकदा बघितलाय," ते सांगायचे, "तोंड बघितलंय त्याचं. पुन्हा बघायचं नाही." खालची तोटी सोडली की काढ्यासारखं तपकिरी पाणी परातीत यायचं. त्यानंतर धुण्याचा सोडा विरघळवून गाळलेलं पाणी भरायचं, इंजिन थोडा वेळ चालवायचं, बंद करायचं, आणि पुन्हा पार गार होईपर्यंत बसून राहायचं. मला हे बसून राहणंच सोसायचं नाही. भाऊ मात्र पायरीवर निवांत बसून पेरू खात.

इंजिन चालू असताना त्यांच्या बायकोला, सिंधूवहिनींना, हमखास काहीतरी विचारायला बाहेर यायचं असे. भाऊ मागे न बघताच ओरडत, "सिंधू, पदर खोच!" समोर पंखा गरगरत असायचा. वहिनी निफाडकडच्या, तोंडाने फटकळ. "खोचलाय जी! लगीन झाल्यापास्नं खोचलेलाच हाय!" असं म्हणत त्या तिथेच उभ्या राहत. परातीतलं घाण पाणी भाऊ कधी झाडांना घालू देत नसत, की रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वाटेत ठेवत नसत. शेवटी नळी लावून, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत सगळं धुवायचं. मग घरात उकळून गार केलेलं पाणी भरायचं. बोअरचं पाणी खारं, ते चालत नसे. वहिनी म्हणायच्या, "मला प्यायला साधं पाणी, अन् हिला उकळलेलं. लय लाडाची सवत हाय माझी."

आता हळदीचं सांगते. एका मे महिन्यात आम्ही चौघे, म्हणजे भाऊ-वहिनी आणि आम्ही नवरा-बायको, शहापूरला एका लग्नाला गेलो होतो. परत येताना कसारा घाट चढलो आणि गाडीने वाफ सोडली. रेडिएटरला कुठेतरी बारीक भोक पडलं होतं. भाऊंनी गाडी कडेला घेतली आणि आम्हाला करवंदीच्या जाळीपाशी बसवलं. ऊन मी म्हणत होतं. माझ्या नवऱ्याने झाकणाकडे नुसता हात केला तर भाऊ त्याच्यावर वस्सकन ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा रागाने चढलेला आवाज मी ऐकला तो तेवढाच.

शेजारी थांबलेला एक ट्रकवाला म्हणाला, "हळद टाका की. भोक बुजतं." भाऊंना हे ठाऊक होतं, पण घाटात हळद आणायची कुठून? वहिनींनी मांडीवरची पिशवी उघडली. लग्नात बहिणीने त्यांना घरच्या हळदीची पुडी दिली होती. गाडी गार झाली. भाऊंनी सांगायच्या आधीच वहिनींनी पदर कमरेला घट्ट खोचला आणि पाण्यात कालवलेली हळद स्वतःच्या हाताने रेडिएटरमध्ये ओतली. "घे बाई, पिठलं खा," त्या गाडीला म्हणाल्या, "अन् गप गुमान घरी चल." गळती थांबली. दिवेलागणीला आम्ही घरी पोचलो.

"हे तात्पुरतं हाय," भाऊ वाटेत सांगत होते. एरवी ते आमच्याशी शुद्ध बोलत, पण त्या दिवशी वहिनींच्या शेजारी बसून त्यांची भाषा गावाकडे वळली होती. "हळद आत राहिली की नळ्या चोंदतात. पुढच्या रविवारी सगळं धुऊन, भोकाला डाख लावून घेतो."

तो पुढचा रविवार आलाच नाही. वहिनींना ताप आला, तो उतरेना, आणि पावसाळा यायच्या आत त्या गेल्या. असं काही होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांच्याशी भांडायला म्हणून कुंपणापाशी जायची माझी सवय कितीतरी दिवस गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी परात बाहेर आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी विचारलं तर भाऊ म्हणाले, "चालतेय की अजून." ती चालत नव्हती. अशोकस्तंभापर्यंत गेली तरी तापमानाचा काटा वर चढायचा. भाऊ सावलीला गाडी थांबवून बसून राहायचे, उलटा पंजा लावायचे, पुन्हा निघायचे. दुसऱ्या कुणाच्या गाडीत हळद टाकलेली ऐकली तर हाच माणूस त्याला लगेच धुवायला लावायचा. मला कारण कळत होतं. गल्लीत सगळ्यांनाच कळत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. वहिनींच्या हातची तेवढीच एक गोष्ट त्या घरात अजून काम करत होती.

मग त्यांची मुलगी निमा बाळंतपणाला माहेरी आली. पोट बरंच पुढे आलेलं, पाय सुजलेले. भर दुपारी आमच्या गल्लीत रिक्षा मिळत नसे. प्रसूतिगृह शरणपूर रस्त्याला. माझ्याच्याने राहवेना. मी कुंपणापाशी गेले आणि सरळ म्हटलं, "भाऊ, निमाला कळा सुरू झाल्या आणि गाडी रस्त्यात उकळली तर तुम्ही काय करणार? तिला सावलीत बसवून पंजा लावत बसणार?"

बोलून गेले आणि जीभ चावली. भाऊ आत गेले.

रविवारी सकाळी परात बाहेर आली होती.

मी बोलावल्यावाचून गेले. त्यांनी पोतं टाकलं, तोंड बाजूला करून झाकण फिरवलं आणि तोटी सोडली. पाणी नीट येईचना, थेंबथेंब गाळासारखं पडत होतं. सोड्याचं पाणी घातलं, इंजिन चालू केलं. मी जवळ सरकले तशी माझ्या पायांची चाहूल लागून भाऊ मागे न बघता ओरडले, "सिंधू, पदर खोच!"

मी पदर खोचला. पंखा चालला होता, तेवढाच आवाज.

गार झाल्यावर तोटी पुन्हा सोडली आणि या वेळी भसकन सगळं बाहेर आलं. भाऊ परातीशी उकिडवे बसले. बोटांनी गाळ चाळू लागले, अंगठ्यावर घेऊन उन्हात धरू लागले, हुंगू लागले. सगळा काळपट तांबडा गंज. पिवळं असं कुठेच काही नव्हतं.

"बाई, हळद नाही हो यात," ते म्हणाले. "हळद तर कधीच संपली." माझ्याकडे बघून म्हणाले, "मी नुसता गंज सांभाळत बसलो होतो." आणि मग तिथेच, गंजाने माखलेला हात तोंडाशी न नेता, नुसती मान खाली घालून ते रडले. वहिनी गेल्या त्या दिवशी आल्यागेल्याची व्यवस्था बघत फिरणारा माणूस, आत्ता रडला. मीही रडले. निमा दारात उभी होती. ती आत गेली आणि चहा करून घेऊन आली.

गाळ निघाला तसं भोक पुन्हा ठिबकू लागलं. भाऊंनी भद्रकालीतल्या कारागिराकडून रेडिएटरला डाख लावून आणला, उकळून गार केलेलं पाणी भरलं आणि काट्यावर नजर ठेवून गाडीने एक चक्कर मारून आले. काटा मध्यावर राहिला होता.

त्याच आठवड्यात भर दुपारी निमाला कळा सुरू झाल्या. मी तिला घेऊन मागच्या सीटवर बसले. भाऊंनी नेहमीच्या रीतीने पाणी बघितलं, तेल बघितलं, आरसा पुसला आणि गाडी नेहमीच्याच चालीने काढली. एक सायकलवाला पुढे गेला. दुसरा गेला. निमा दात आवळून वडिलांना म्हणाली, "अण्णा, मला घाई आहे. मी पायी जाऊ का?"

त्या दिवशी भाऊंनी गाडी कशी पळवली ते मी आजही लोकांना सांगते आणि कुणी विश्वास ठेवत नाही. काटा मध्याच्या वर गेला नाही. मुलगी झाली. नर्सने ती पुढे केली तेव्हा भाऊंनी आधी उलटा पंजा तिच्या गालाला लावला, क्षणभर थांबले, आणि मग दोन्ही तळहात पुढे केले.

पुढे आम्हीही एक छोटी गाडी घेतली. तोवर ऐंशीचं दशक सरत आलं होतं, भाऊ निवृत्त झाले होते आणि अँबॅसडर त्यांनी विकून टाकली होती. तेव्हाही त्यांना फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. आमची गाडी बघायला ते काठी टेकत आले, बॉनेटला पंजा लावला आणि खिशातून कागदाची एक पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. हळद होती.

"घाटात उपयोगी पडेल," ते म्हणाले. "पण घातलीत तर घरी आल्यावर धुऊन काढा. ठेवून द्यायची नाही, बाई."

ती पुडी आमच्या गाडीच्या कप्प्यात कित्येक महिने पडून होती. लागली कधीच नाही. भाऊ गेले, त्यांचे सगळे दिवस झाले, निमा तिच्या मुलीला घेऊन सासरी परतली. त्या संध्याकाळी मी कप्पा उघडला. पुडी परत आत ठेवून कप्पा लावलाही होता. मग पुन्हा उघडला, पुडी घरात नेली आणि हळद वरणात घातली. सगळे जेवले. वरण नेहमीसारखंच झालं होतं.