पास माणसाचे पाच रुपये

आमच्या डाक्टरमामाच्या भोरच्या दवाखान्यात औषधं कमी आन विमा कंपनीची पत्रं जास्त. पत्रांचं खोकं उघडलं की पत्रागणिक एक भानगड बाहेर पडती. सगळ्या सांगाय बसलो तर तुमचा च्या गार व्हईल, म्हणून चार-पाचच ऐका.

हितले पेशंट मामाला तांदूळ देत्यात, कोंबडी देत्यात. पण पुण्याचा औषधवाला काय कोंबडी घेत न्हाई. रोकड दिसली तरच तो हिवतापाचं किनीन धाडतो. आन रोकड फकस्त विमा कंपनीकडनं, एक माणूस तपासला की पाच रुपये. यंदा वेल्ह्याकडं घरोघर हिवताप, आन मामाच्या बरणीत किनीन तळाला गेलेलं.

*

विम्याचे फॉर्म भरायचं काम माजं. फॉर्मावर माणसाचं वजन पायजे. मामाकडं काटा न्हाई. मग वरव्याच्या एका गड्याला गुळाच्या वखारीत नेला, तराजूच्या एका पारड्यात तो, दुसऱ्यात ढेपा. म्या लिवलं, "चार ढेपा, वर थोडा." फॉर्म परत. पौंडात लिवा म्हणं. मामाचे पाच रुपये लटकले.

वखारवाल्यानं तोलाईचा आणा मातूर जाग्यावर घेतला.

*

दुसऱ्या फॉर्मावर सवाल व्हता, बाप कशानं वारला? गडी म्हणाला, देवाज्ञा झाली. म्या तेच लिवलं. दीड महिन्यानं कंपनीचं पत्र आलं. हा आजार घराण्यात आनखी कुणाला झाला व्हता का, खुलासा करावा, तवर फी मिळणार न्हाई.

मामानं कपाळावर हात मारला आन खुलासा लिवला, "सगळ्यांना."

*

मग वेल्ह्याचा एक गडी आला. हिवतापानं पोटातली पानथरी ही एवढी सुजलेली. मामानं खरं ते लिवलं. कंपनीनं गड्याला नापास केला आन कळवलं, नापास माणसाची फी न्हाई.

मामा दिवसभर धुसफुसत व्हता. "पोरगं नापास झालं म्हणून मास्तरचा पगार कापत्यात का रं?"

म्या चौथीत दोनदा बसलेला. म्हणालो, "कापला असता तर आमचं मास्तर उपाशी मेलं असतं."

*

ही नापासाची बातमी वेल्ह्यात फिरली. एजंटानं तिथल्या आनखी पाचजणांच्या गळ्यात विमा घातलेला. ते येगयेगळ्या दिशी एकेक करून तपासायला आले. छाती कशी, दरवाजा! मामा नळी लावली की डोळं मिटून घेतो. अंगावरच्या खुणा म्या लिवायचो. पाची फॉर्मांवर एकच खूण, डाव्या गुडघ्याखाली तापल्या सळईनं डाग दिल्याला.

कारण पाची बारीला तालमीतला सर्जेरावच आलेला, निस्तं पागोटं बदलून. म्या दुसऱ्याच खेपेला वळखलं व्हतं. पण तो येताना मध आणायचा.

कंपनीनं पाचांची फी अडकवली आन कळवलं, खुणा बघायला आमचा सायेब येतोय. तवा म्या सर्जेरावाचं कबूल केलं, आन मामा मला कान धरून वेल्ह्याला घेऊन गेला. तिथं म्हाताऱ्या तात्यांना इचारलं, हे काय केलंत? पाचांत एक तात्याबी व्हते.

तात्या म्हणाले, "डाक्टर, जनावरांच्या परदर्शनात आपण मरतुकडा बैल धाडतो व्हय? आमी गेलो असतो तर नापास. मग तुमाला फी न्हाई, आन आमच्या पोरांना किनीन न्हाई."

 मामा म्हणाला, सायबाला मी खरं सांगून टाकणार.

*

सायेब दवाखान्यात आला. मामा सांगायला उठला, तवर पाचजण वळीनं येऊन उभं ऱ्हायलं. खरे पाच, हाडं मोजून घ्यावी असले. धोतरं वर केली. पाची जणांच्या डाव्या गुडघ्याखाली डाग! लालभडक, वर वली हळद.

मामा परत खाली बसला.

सायेब वाकला, चष्मा पुसला, परत वाकला. "कधीचा डाग आहे हा?"

तात्या म्हणाले, "ल्हानपणीचा, सायेब."

"मग ही हळद?"

"तवा लावायची ऱ्हायली व्हती."